गादी गेलेला राजा कसा लिहावा: फँटसी कादंबरीसाठी पायरीपायरीनं

राज्य गमावलेला राजा हा फँटसीचा फार जुना विषय आहे, आणि लिहिणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त वाया जाणाराही. नव्या लेखकांच्या खर्ड्यांत बहुतेक वेळा एकच आराखडा असतो. राजाला भाऊ किंवा सेनापती दगा देतो. राजा रानात जातो, तिथं एक म्हातारा गुरू भेटतो, राजा तलवार किंवा मंत्र शिकतो आणि परत येऊन गादी घेतो. यात पतन आहे, पुनरागमनही आहे. पण माणूस बदलल्याची एकही खूण नाही. गेला तोच राजा परत आला, एवढंच.

गादी परत मिळवणं आणि गादीच्या लायक होणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम पहिल्याच्या आधी पुरं व्हायला हवं, आणि ते रणांगणावर होत नाही. ज्याचं नुकसान केलं त्या माणसासमोर उभं राहून होतं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोचण्यासाठी आहेत.

नमुना म्हणून महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान, म्हणजे निषधचा राजा नळ आणि त्याची राणी दमयंती यांची गोष्ट, घेऊया. मराठी वाचकाला त्यातला हंस आठवतो, स्वयंवर आठवतं, नळाचं रूप घेऊन बसलेले चार देव आठवतात. खरी कारागिरी मात्र त्यापुढच्या भागात आहे, आणि तोच आपण विसरतो. ही गोष्ट बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात, म्हणजे द्यूतात सगळं हरून वनात बसलेल्या राजाला. गोष्ट आपलीही आहे: दमयंती विदर्भाची, तिच्या बापाची राजधानी कुंडिनपूर, आणि अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर तेच, असं लोक मानतात.

सोबत एक स्वतःचं उदाहरणही चालवू, म्हणजे तत्त्व आणि हाताचं काम एकत्र दिसेल. आपली नायिका राणी ताम्रा. तिच्या राज्यात नदी राजघराण्याच्या शब्दावर वळते. पण नदीला दिलेल्या प्रत्येक आज्ञेमागे राज्यात कुठंतरी एक विहीर कायमची आटते.

पायरी पहिली: चूक एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि राजाचं राज्य का गेलं ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्याचा कर्ता राजा असला पाहिजे. ‘सेनापतीनं दगा दिला’ हे वाक्य बाद. ‘राजानं सेनापतीच्या तक्रारी तीन वर्षं ऐकून घेतल्या नाहीत’ हे चालेल. फसवल्या गेलेल्या राजाला फक्त न्याय हवा असतो. स्वतः चुकलेल्या राजालाच प्रायश्चित्ताची गरज पडते, आणि आपल्याला त्याचीच गोष्ट लिहायची आहे.

ताम्राचं वाक्य असं: ‘ताम्रानं अकरा वर्षं नदी हवी तशी वळवली आणि कोणाची विहीर आटली हे एकदाही विचारलं नाही.’ तिला नियम ठाऊक होता. वाळलेल्या विहिरीचं गाव तिनं जाणून घेतलं नाही. या चुकीत क्रूरपणा नाही, सोयीस्कर अज्ञान आहे. सत्तेवरच्या माणसाला ते सहज जमतं, म्हणून ते खरं वाटतं.

चूक जादूच्या नियमातून आलेली असेल तर फारच उत्तम. जादूची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न चुकीशी बांधला की कल्पनाविश्व आणि पात्र यांची मोट आपोआप बांधली जाते. नाहीतर नकाशा, वंशावळ, सात जादू-पंथ एकीकडे राहतात आणि राजाचं दुःख दुसरीकडे.

इथं दैत्याचा प्रश्न येतो. नळाच्या अंगात कली शिरतो, मग तो आपला भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळायला बसतो. म्हणजे सगळं कलीनंच केलं का? उपाख्यानाची हुशारी इथं बघा. अगदी सुरुवातीला नळाचे गुण सांगताना, वेद जाणणारा, शूर, सत्य बोलणारा, या यादीत ‘अक्षप्रिय’ हा एक शब्द बसवलेला आहे. फाशांची आवड कली यायच्या आधीपासून होती. शिवाय कलीला आत शिरायला बारा वर्षं फट शोधावी लागते. एका संध्याकाळी नळ पाय न धुता संध्येला बसतो तेव्हा ती सापडते. तुमच्या कादंबरीत शाप, अंगात येणारं भूत, मन ताब्यात घेणारा मुकुट असं काही असेल, तर त्याला आत यायचा दरवाजा राजानं आधीच किलकिला ठेवलेला असू द्या. आणि तो पहिल्या दहा पानांत, स्तुतीच्या मधोमध दाखवा.

पायरी दुसरी: पडण्याआधी कोणीतरी दार वाजवू द्या

नळ आणि पुष्कर यांचा खेळ कित्येक महिने चालतो. मधे एकदा नगरातले लोक मंत्र्यांना घेऊन राजवाड्याच्या दारात येतात. दमयंती रडत रडत नळाला सांगते की लोक भेटायला आलेत, एकदा बाहेर ये. नळ उत्तरच देत नाही. लोक ‘हा आता उरलाच नाही’ असं म्हणत लाजेनं आणि दुःखानं घरी परततात. सगळ्या पतनातला सर्वांत भयंकर क्षण मला हा वाटतो. राज्य अजून गेलेलं नाही, फासे अजून हातात आहेत, पण राजा संपलाय हे लोकांना कळलंय.

असा प्रसंग तुमच्या कादंबरीत हवाच. त्यात तीन गोष्टी असाव्यात: धोक्याची सूचना देणारं माणूस, ती ऐकण्याची खरीखुरी संधी, आणि राजाचा नकार. नकार छोटा ठेवा. ताम्राच्या बाबतीत खालच्या गावांतून पाच बायका रिकामे हंडे घेऊन येतात. ताम्रा त्यांना भेटते, चांगलं बोलते, प्रत्येकीला साडीचोळी देते आणि परत पाठवते. हंडे रिकामेच राहतात. दरबाऱ्यांना हा प्रसंग राणीच्या मोठ्या मनाचा वाटतो. वाचकालाही पहिल्यांदा तसंच वाटू द्या.

त्याच वेळी दुसरं कोणीतरी शहाणपणानं वागत असेल, तर राजाचं आंधळेपण जास्त उठून दिसतं. खेळ हाताबाहेर गेल्याचं दमयंतीला कळतं. ती वार्ष्णेय सारथ्याला बोलावते, दोन्ही मुलांना रथात बसवते आणि माहेरी विदर्भात पोचवायला सांगते. एवढ्या एका निर्णयात ती कोण आहे ते समजतं.

मग काय काय जातं त्याची यादी करा आणि क्रम ठरवा. शेवटी काय जातं, त्यापेक्षा राजा काय जाऊ देत नाही हे महत्त्वाचं. पुष्कर म्हणतो, आता दमयंती पणाला लाव. नळ एक शब्द बोलत नाही, अंगावरचे दागिने उतरवतो आणि एका वस्त्रानिशी चालू लागतो. हे ऐकणारा युधिष्ठिर कोण आहे ते आठवा. त्यानं ती रेषा ओलांडलेली आहे. तुमच्या राजानं कितीही गमावलं तरी एक रेषा अशी ठेवा, म्हणजे वाचकाला त्याच्याबरोबर रानात जावंसं वाटेल.

पायरी तिसरी: पहिले दिवस शरीरानं लिहा

हद्दपारीची पहिली प्रकरणं स्वगतांनी भरू नका. राजा काय खातो, कुठं झोपतो, पायात काय घालतो ते लिहा. पुष्कर दवंडी पिटवतो की नळाला आसरा देईल त्याला देहदंड. नळ तीन रात्री नगराच्या वेशीबाहेर नुसत्या पाण्यावर काढतो. नंतर सोनेरी पंखांचे पक्षी दिसतात. ते पकडायला तो अंगावरचं एकमेव वस्त्र टाकतो, आणि पक्षी ते वस्त्रच घेऊन उडून जातात.

खऱ्या इतिहासातून असे तपशील उचलता येतात. हुमायून 1539 मध्ये चौसा इथं आणि 1540 मध्ये कनौजजवळ शेरशहाकडून हरला आणि इराणच्या वाटेला लागला. त्याची बहीण गुलबदन बेगम लिहिते की वाटेत घोडा मारून खायची वेळ आली, शिजवायला भांडं नव्हतं, म्हणून मांस शिरस्त्राणात उकळलं. राजेपणाचं काय झालं ते त्या शिरस्त्राणात सगळं आलं. लढाईत डोकं वाचवणारी वस्तू आता पातेलं झाली आहे. तुमच्या राजाकडच्या राजचिन्हांपैकी एक वस्तू निवडा आणि ती साध्या, गरजेच्या कामाला लावा.

दुसरी शक्यता फँटसीत फार कमी वापरली जाते. शत्रू राजाला मारत नाही, रानातही घालवत नाही, तर तनखा बांधून देतो. दुसरा बाजीराव 1818 मध्ये इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला राहिला आणि 1851 मध्ये तिथंच वारला. तेहेतीस वर्षांची सुखवस्तू हद्दपारी. अशा राजासमोर भूक नसते. सकाळी उठून काय करायचं, हा प्रश्न असतो. तनखा सोडून देण्याचा दिवस हाच त्याच्या गोष्टीचा खरा आरंभ होऊ शकतो. ज्याला राजकीय फँटसी लिहायची आहे, त्यानं हा धागा जरूर धरावा.

पायरी चौथी: रानात दुसरी चूक होऊ द्या

पहिली चूक सत्तेत असताना झाली. त्यामुळे वाचक म्हणतो, सत्तेचा दोष. दुसरी चूक सत्ता गेल्यावर व्हायला हवी, म्हणजे दोष माणसात आहे हे राजाला स्वतःला दिसतं.

नळ-दमयंती दोघं एकाच वस्त्रात गुंडाळून रानातल्या एका ओसाड निवाऱ्यात झोपतात. नळाला झोप येत नाही. आपण सोडून गेलो तर ही माहेरी जाईल, सुखी होईल, असं तो स्वतःला समजावतो. जवळच एक म्यानाबाहेरची तलवार सापडते. तो वस्त्राचा अर्धा भाग कापतो, निघतो, परत येतो, तिच्याकडे बघतो, पुन्हा निघतो, पुन्हा येतो. शेवटी जातो. कारणं सगळी तिच्या भल्याची आणि कृती पळपुटेपणाची. हे येणंजाणं तसंच लिहावं. एका वाक्यात ‘तो तिला सोडून गेला’ म्हणून उरकलं तर पुढच्या सगळ्या प्रायश्चित्ताचा पायाच जातो. त्या अर्ध्या वस्त्राकडे लक्ष ठेवा, ते पुढं परत येणार आहे.

पायरी पाचवी: नवं नाव, नवं काम, मालक आणि पगार

कर्कोटक नाग वणव्यात अडकलेला असतो, नळ त्याला उचलून बाहेर काढतो, आणि नाग त्यालाच डसतो. त्या विषानं नळाचं रूप बदलतं आणि आतल्या कलीला त्रास सुरू होतो. म्हणजे मदतीचं फळ म्हणून कुरूपता मिळते, आणि तीच उपयोगी पडते. नाग त्याला बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे जायला सांगतो. तिथं तो घोड्यांवरचा मुख्य होतो, पगार ठरतो. त्याच्या हाताखाली कोण? वार्ष्णेय. मुलांना विदर्भात पोचवून तोही अयोध्येला नोकरीला लागलेला असतो. एकेकाळचा स्वतःचा सारथी रोज समोर वावरतो आणि ओळखत नाही.

रोज संध्याकाळी बाहुक एकच श्लोक म्हणतो: ती भुकेली, तहानलेली, दमलेली बिचारी कुठं झोपली असेल? तबेल्यातला जीवल एका रात्री विचारतो, ही कोण रे बाई? बाहुक ‘एका मंदबुद्धी माणसाची बायको’ अशी तिसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून सांगतो. पश्चात्ताप दाखवायला याहून जास्त शब्द लागत नाहीत. रोजची एक ओळ आणि एक विचारणारा सोबती पुरे.

इथं राजाला गुरू देऊ नका, मालक किंवा उस्ताद द्या. गुरूला राजाच्या भवितव्यात रस असतो. उस्तादाला आजचं काम उरकायचं असतं, आणि त्या कामात राजाची राजकी अक्कल उघडी पडते. ताम्रा हद्दपार झाल्यावर विहिरी उपसणाऱ्या रखमाक्काच्या टोळीत लागते. एक प्रसंग असा लिहिता येईल:

*दोर ताम्राच्या तळहातात रुतत होता. चौथं घमेलं वर आलं तेव्हा तिनं वाकून आत पाहिलं. खाली अंधारात फावड्याचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता.*

*‘खाली काय बगतीस? दोराकडं बग,’ रखमाक्का म्हणाली. ‘दोर सुटला तर खालच्याचं डोस्कं फुटल.’*

*‘ही विहीर कधी आटली?’*

*‘वरच्या राणीचा राज्याभिषेक झाला ना, त्या दिशी. सकाळी पाणी शेंदलं, दुपारी पोहरा खडकावर वाजला.’*

*ताम्राला तो दिवस आठवला. वाड्यापुढून नदी जावी म्हणून तिनं हात वर केला होता, आणि लोकांनी जयजयकार केला होता.*

*‘झरा लागंल का परत?’ तिनं विचारलं.*

*‘आधी गाळ तर निघू दे. वढ.’*

यात कबुली नाही, रडणं नाही. राणी पहिल्यांदा विचारते की विहीर कधी आटली, आणि अकरा वर्षांत न विचारलेला तो प्रश्न आता तिच्या तोंडून कामाच्या ओघात निघतो. प्रसंग तपासताना एवढंच बघा: पहिल्या पायरीत लिहिलेल्या चुकीला इथं उलटं उत्तर सुरू झालं का?

पायरी सहावी: जी विद्या नव्हती तीच शिकवा

बहुतेक खर्ड्यांत राजा तलवारबाजी शिकतो. राज्य तलवारीअभावी गेलं असेल तर ठीक. नाहीतर त्या शिक्षणाचा गोष्टीशी संबंध नाही. नळाला घोडे येत होते, फासे येत नव्हते. त्यानं फाशांवर राज्य घालवलं, म्हणून त्याला फासेच शिकावे लागतात.

तो प्रसंग तर अभ्यासूनच घ्यावा. दमयंतीनं दुसरं स्वयंवर मांडल्याची बातमी ऋतुपर्णाला कळते आणि बाहुक रथ भरधाव सोडतो. राजाचं उपरणं खाली पडतं. तो थांब म्हणेपर्यंत ते एक योजन मागं राहिलेलं असतं. या वेगानं चकित झालेला ऋतुपर्ण आपली कला दाखवतो: वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेनं मोजून सांगतो. बाहुक रथ थांबवतो. उशीर होतोय, राजा विनवतोय, तरी खाली उतरून झाड पाडतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग दोघं विद्येची अदलाबदल करतात: अश्वहृदय, म्हणजे घोड्यांची विद्या, देऊन अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, घ्यायचं. फाशांचं मर्म कळताच कली विष ओकत नळाच्या अंगातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, हे ठाऊक असलं की झाडाची निवड किती नेमकी आहे ते कळतं.

यातून लेखकानं तीन गोष्टी उचलाव्या. शिष्याकडेही देण्यासारखं काही आहे, म्हणून शिकणं भीक होत नाही. तो ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता मोजून बघतो. जुगारी माणूस असं कधीच करत नाही, म्हणजे स्वभाव बदललाय. आणि दैत्य बाहेर पडतो तो मंत्रानं नाही, आकलनानं.

ताम्राला नदी वळवणं येत होतं. तिनं शिकायचं ते जमिनीखालचं पाणी ओळखणं: खडक, झरे, कुठल्या विहिरीचं पाणी कुठून येतं. राज्याच्या नकाशात तिला फक्त नदी दिसायची, आता त्याखालचं सगळं जाळं दिसू लागतं.

पायरी सातवी: देणं आधी

हा या लेखाचा गाभा आहे. इथं वेळ घ्या, पानं खर्च करा.

नळ आधी दमयंतीसमोर उभा राहतो, पुष्कराकडे नंतर जातो. आणि या भेटीची सगळी सूत्रं दमयंतीच्या हातात आहेत. तिनंच ब्राह्मण पाठवून गावोगाव एक प्रश्न म्हणायला लावलाय: माझं अर्धं वस्त्र कापून तू कुठं गेलास, जुगाऱ्या? त्यांतल्या पर्णादानं बाहुकाचं उत्तर आणल्यावर तिनंच खोट्या स्वयंवराचा निरोप धाडला, मुदत एका रात्रीची दिली, कारण एवढ्या वेळात घोडे हाकणारा एकच माणूस तिला माहीत होता. बाहुक आल्यावरही ती धावत जात नाही. केशिनी दासीला पाठवून त्याचं वागणं बघते, त्यानं रांधलेलं मागवून चव घेते, मुलांना त्याच्यासमोर पाठवते. मुलांना मिठीत घेऊन तो रडतो. मग ती समोर येऊन विचारते: झोपलेल्या निरपराध बायकोला रानात टाकून कोण गेला?

ज्याचं नुकसान झालं त्याला गोष्टीत असा हक्क द्या. तो माणूस नायकाला माफी देण्यासाठी ताटकळत बसलेला नसावा. त्याचं स्वतःचं आयुष्य मधल्या काळात चाललेलं असलं पाहिजे. दमयंतीला अजगर गाठतो, व्यापाऱ्यांच्या तांड्यावर हत्ती येतात, चेदीच्या राजवाड्यात ती सैरंध्री, म्हणजे राणीची दासी, म्हणून राहते. उपाख्यान तिच्या वाटेला भरपूर जागा देतं. तुम्हीही द्या.

एका बाबतीत मी उपाख्यानाच्या पुढं जायला सांगेन. नळ तिच्यापुढं कलीचं नाव घेतो. ते गोष्टीच्या नियमानुसार खरं आहे. आजचा वाचक मात्र तेवढ्यावर थांबणार नाही, आणि थांबूही नये. तुमच्या राजाला सबब उपलब्ध असेल तर ती त्यानं स्वतः वापरू नये. दुसऱ्या कोणी पुढं केली तरी नाकारावी. ताम्रा रखमाक्काला आपण कोण ते सांगते तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य तिच्या तोंडाशी येईल. लेखकानं ते लिहून खोडावं. तिनं म्हणावं, ‘मी विचारलं नाही.’

माफी मिळालीच पाहिजे असं नाही. रखमाक्का तिला टोळीतून हाकलू शकते. किंवा काही न बोलता दुसऱ्या दिवशी दोर पुन्हा तिच्या हातात देऊ शकते. मला दुसरा पर्याय आवडतो, कारण त्यात क्षमा झाली की नाही हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

पायरी आठवी: ओळख पटवणं सोपं ठेवू नका

हरवलेला राजा परत आला आणि सगळे पाया पडले, असं घडत नाही. शाहू 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आला तेव्हा ताराबाईच्या पक्षानं हा खरा शाहू नव्हेच असं म्हटलं. प्रश्न खेडच्या लढाईपर्यंत गेला. उलट पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि त्याच्यामागं माणसंही जमली. 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. लोकांना राजा हवा असतो तेव्हा खोटाही चालतो, नको असतो तेव्हा खराही तोतया ठरतो. फँटसीत अंगावरची खूण किंवा चमकणारी तलवार दाखवून हा सगळा पेच एका क्षणात सोडवू नका. ओळख सातव्या पायरीतल्या माणसाकडून पटवता आली तर बघा: राणी खरी आहे असं रखमाक्का सांगेल का, आणि सांगेल तर का?

पायरी नववी: परत येताना शत्रूचं काय करायचं

एक उलटं उदाहरण इथं फार उपयोगी आहे. बायझंटाइन सम्राट दुसरा जस्टिनियन 695 मध्ये पदच्युत झाला. नाक कापलेला माणूस पुन्हा सम्राट होणार नाही, या समजुतीनं त्याचं नाक कापून त्याला काळ्या समुद्राकाठी खेरसनला हद्दपार केलं. तो खझारांकडे पळाला, त्यांच्या खानाच्या बहिणीशी लग्न केलं, मग बल्गारांचा राजा तेर्वेल याची फौज मिळवली, आणि 705 मध्ये पाण्याच्या नळमार्गातून कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिरला. वाटेत समुद्रात वादळ झालं तेव्हा सोबत्यानं म्हटलं, शत्रूंना माफ करीन असा देवाला शब्द द्या. इतिहासकार थिओफानीस नोंदवतो की त्यानं उत्तर दिलं, एकालाही सोडलं तर देवानं मला इथंच बुडवावं. गादी मिळाल्यावर त्यानं आपल्या जागी बसलेल्या दोघांना मारलं आणि सूड घेतच राहिला. 711 मध्ये पुन्हा बंड झालं. तोही गेला, कोवळा मुलगाही गेला, घराणं संपलं. साहसकथेला लागणारं सगळं यात आहे. पण हद्दपारीची दहा वर्षं त्याला काहीच शिकवून गेली नाहीत.

नळ निषधला परततो तो एक रथ, सोळा हत्ती, पन्नास घोडे आणि सहाशे पायदळ घेऊन. राज्य जिंकायला हे पुरेसं नाही, आणि मुद्दाम नाही. तो पुष्करासमोर दोन पर्याय ठेवतो: फासे किंवा द्वंद्व. पुष्कर हसतो, आता दमयंतीही जिंकीन म्हणतो. नळाला तलवार उपसावीशी वाटते, पण तो फासेच निवडतो आणि एका डावात सगळं जिंकतो. मग म्हणतो, मी हरलो ते कलीमुळे, दुसऱ्याचा दोष तुझ्यावर टाकणार नाही. पुष्कराला जीवदान मिळतं, त्याचा वाटा मिळतो, तो महिनाभर पाहुणचार घेतो आणि सन्मानानं आपल्या नगराला जातो. ज्या पटावर पडला त्याच पटावर उभा राहिला, आणि जिंकल्यावर हात आवरला. परतीच्या प्रसंगाला या दोन अटी लावून बघा.

गादी नाकारणं हाही शेवट होऊ शकतो, पण तो फार सोपा झालाय. नाकारल्यावर राज्य कोण चालवणार याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तो त्याग नव्हे, पुन्हा जबाबदारी टाळणं. ताम्रासाठी मी असा शेवट लिहीन: ती गादीवर बसते, नदीला एकच आज्ञा देते, मूळ पात्रात जा, आणि या आज्ञेनं आटणारी शेवटची विहीर वाड्यातली असावी अशी तजवीज आधी करते. जमिनीखालचं पाणी ओळखायला शिकली, म्हणूनच हे तिला जमतं.

खर्डा हातात आल्यावर

पानांचा हिशोब बघा. पतनाला एक वाटा, हद्दपारी आणि कामाला तीन, देणं फेडण्याला दोन, परतीला एक, असं साधारण प्रमाण ठेवा. बहुतेक खर्ड्यांत परतीची लढाईच निम्मी कादंबरी खाते. ती निर्दयपणे कापा.

कोणाच्या नजरेतून लिहायचं हेही या टप्प्यावर तपासा. हुमायूनच्या हद्दपारीबद्दल जौहर आफ्ताबचीनं लिहून ठेवलंय. हात धुवायच्या पाण्याचा तांब्या सांभाळणारा हा सेवक. राजा स्वतःबद्दल सांगू लागला की कैफियत होते. बाजूला उभा राहिलेला नोकर, जीवलसारखा तबेल्यातला माणूस, टोळीतली पोरगी सांगू लागली की राजाचे हात, त्याचं गप्प राहणं, ताटातलं टाकलेलं दिसतं. पाचव्या पायरीतलं निदान एक प्रकरण अशा माणसाच्या तोंडून लिहून बघा.

मग ‘पश्चात्ताप’, ‘प्रायश्चित्त’, ‘अपराधी वाटलं’ हे शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की हे दाखवणारी कृती आसपास आहे का. असेल तर शब्द काढा. नसेल तर शब्द ठेवून भागणार नाही, प्रसंगच नव्याने लिहावा लागेल.

आणि लिहायला सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर पहिल्या प्रकरणापासून नको. सातव्या पायरीतली भेट आधी लिहा, दोनदा: एकदा समोरचा माणूस माफ करतो, एकदा करत नाही. दोन्ही खर्डे आठवडाभर बाजूला ठेवा. मग त्यातला जो वाचताना राजाला बोलायला जास्त जड गेलंय असं दिसेल तो निवडा, आणि तिथं पोचायला कोणती चूक लागेल ते शोधत मागं, पहिल्या पायरीकडे या.